सरावाचे घर: इंदूरच्या एका गृहविज्ञान विभागातील स्थित्यंतराचे प्रकरण

या प्रकरणातील महाविद्यालयाचे नाव, विभागातील व्यक्ती आणि ओळख पटवतील असे तपशील गाळले आहेत. विद्यार्थिनींनी राहून घर चालवण्याचा सराव करायच्या विभागाच्या घराचे पुढे काय करावे, हा प्रश्न ज्या सल्लागार समितीपुढे आला तिच्यावर मी बाहेरची सदस्य म्हणून होते, म्हणून पुढील निवेदन पूर्णपणे तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही. समितीने घेतलेल्या निर्णयांपैकी एका निर्णयाला माझीही संमती होती आणि तो निर्णय आज मला चुकीचा वाटतो.

पार्श्वभूमी

गृहविज्ञानाची प्रतिमा आपल्याकडे ‘मुलींना स्वयंपाक शिकवणारा विषय’ अशी झाली असली, तरी त्याचा उगम प्रयोगशाळेजवळचा आहे. १८९९ पासून न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड येथे भरलेल्या परिषदांतून १९०९ मध्ये अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन स्थापन झाली (होम इकॉनॉमिक्स म्हणजे तिकडचे गृहविज्ञान). तिच्या पहिल्या अध्यक्ष एलेन स्वॅलो रिचर्ड्स या पाण्याच्या पृथक्करणावर काम केलेल्या रसायनशास्त्रज्ञ होत्या. भारतात या विषयाला बळ मिळाले ते महिला चळवळीकडून. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ मध्ये पुण्यात बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांच्या अध्यक्षतेखाली भरले आणि त्याच परिषदेच्या पुढाकाराने १९३२ मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज निघाले. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, तेव्हा पहिल्या कुलगुरू हंसा मेहता या याच परिषदेच्या माजी अध्यक्ष होत्या. विद्यापीठ सुरू होताच, १९५० मध्ये, तेथे गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा उघडली गेली.

याच हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली १९६१ मध्ये मुलामुलींच्या अभ्यासक्रमांतील भेदाचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली. मुलगा की मुलगी एवढ्यावरून अभ्यासक्रम वेगळे करू नयेत, असा तिच्या शिफारशींचा रोख होता. पुढे कोठारी आयोगानेही (१९६४–६६) ही भूमिका उचलून धरली आणि गृहविज्ञान ऐच्छिक असावे, मुलींवर सक्तीचे नसावे, असे म्हटले. म्हणजे ज्या बाईंनी विद्यापीठात गृहविज्ञानाला घर दिले, त्यांनीच ते मुलींच्या गळ्यात बांधायला विरोध केला. विभागाच्या बैठकांत हा इतिहास कोणी काढत नसे. तो आठवणीत असता तर पुढची काही चर्चा वेगळ्या पातळीवर झाली असती, असे मला वाटते.

इंदूरमध्ये १९६४ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि १९८८ पासून त्याला देवी अहिल्या यांचे नाव मिळाले. आपल्या प्रकरणातील महाविद्यालय मुलींचे आहे, अध्यापनाचे माध्यम हिंदी आहे आणि विभागातील जुन्या शिक्षिकांपैकी बऱ्याच जणी होळकरी काळापासून शहरात स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या होत्या. वर्गात हिंदी आणि शिक्षिकांच्या खोलीत मराठी, हा तेथील रिवाज. विभागाच्या मागे एक बैठे घर होते. कागदोपत्री त्याचे नाव ‘गृहप्रबंध निवास’. शिक्षिका त्याला नुसते ‘निवास’ म्हणत.

निवासाची कल्पना अमेरिकी विद्यापीठांतील सरावाच्या घरांवरून आलेली होती. (कॉर्नेल विद्यापीठात तर अशा घरांत १९६९ पर्यंत अनाथालयातून आणलेली तान्ही मुले विद्यार्थिनींच्या ताब्यात सरावासाठी दिली जात. सुदैवाने आपल्याकडे ही प्रथा उतरली नाही.) शेवटच्या वर्षाच्या सहा-सहा विद्यार्थिनी एका शिक्षिकेसोबत काही आठवडे तेथे राहत. गृहप्रमुख, स्वयंपाक, मदतनीस, सफाई, हिशोब आणि पाणी अशी कामे पाळीपाळीने फिरत. ठरलेल्या रकमेत महिना भागवायचा, रोजचा बेत आधी लिहायचा, खर्च टाचणाने जोडलेल्या पावत्यांसह नोंदवायचा आणि कोणत्या कामाला किती मिनिटे लागली हे वेळवहीत भरायचे, असा नियम होता. मुक्कामाच्या शेवटी विभागाच्या शिक्षिकांना जेवायला बोलवायचे आणि त्यावर गुण मिळायचे. एका पाळीत बेत मराठी तर दुसऱ्या पाळीत माळवी, म्हणजे एकदा थालीपीठ आणि एकदा बाफले, असा अलिखित समतोलही सांभाळला जाई.

धान्याचे प्रमाण काढण्यासाठी उपभोग एककांचा तक्ता वापरला जात असे. त्यात बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाची गरज १ धरतात, बैठे काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीची ०.८ आणि १२ ते २१ वर्षे वयाच्या व्यक्तीची १. त्यामुळे एकविशीच्या आतल्या सहा मुलींचे सहा एकक आणि सोबतच्या बाईंचे ०.८, मिळून ६.८ एककांचा शिधा काढला जाई. पुरुष हे माप आणि बाकी सगळे त्याचे अपूर्णांक, अशी टीका या तक्त्यावर करता येते. मात्र गणित म्हणून तो टिकाऊ निघाला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० किलोकॅलरी आणि स्त्रीला १६६० किलोकॅलरी सांगितल्या आहेत. त्यांचे प्रमाणही जवळजवळ ०.८ च येते.

प्रश्न कसा उभा राहिला

निवासाचा मुक्काम एका दिवसात बंद पडला नाही. तो आधी आठवड्यांवरून दिवसांवर आला, मग रात्रीचा मुक्काम गेला, नंतर ‘प्रात्यक्षिक’ म्हणून केवळ एका दुपारचा स्वयंपाक उरला. प्रत्येक वेळी कारण खरे होते. पालक परवानगी देईनात, सोबत राहायला शिक्षिका मिळेना, हंगामी नेमणुकीवरच्या शिक्षिकेवर रात्रीची जबाबदारी टाकणे योग्य नव्हते. मात्र यांपैकी एकदाही विभागाने बसून हा विचार केला नाही की मुक्काम गेल्यावर विषयातून नेमके काय जाते. मुक्कामाबरोबर वेळवही गेली आणि ती गेल्याची नोंद कोठेही झाली नाही.

मध्य प्रदेशात २०२१–२२ च्या सत्रापासून नवे शैक्षणिक धोरण पदवी वर्गांना लागू झाले, तेव्हा हा सगळा साचलेला प्रश्न एकदम वर आला. नव्या रचनेत विद्यार्थिनीला मुख्य आणि गौण विषयांबरोबर इतर शाखेतील एक ऐच्छिक विषय, एक व्यावसायिक विषय आणि प्रकल्प किंवा प्रशिक्षण घ्यावे लागते. म्हणजे वाणिज्य शाखेची मुलगी आता गृहविज्ञानाच्या दारात येऊ शकत होती, परंतु तिच्यासमोर ठेवायला विभागाकडे काय आहे, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. दुसरीकडे गृहविज्ञान मुख्य विषय म्हणून घेणाऱ्या मुली घटत चालल्या होत्या. त्यातच व्यवस्थापनाने विचारले की मागचे घर वर्षभर कुलूपबंद असेल तर संगणक कक्षासाठी ते का देऊ नये. समितीची बैठक बोलावली गेली ती या पत्रामुळे. मूळ प्रश्न विषयाचा होता, पण तो आमच्यापुढे आला जागेचा म्हणून, आणि पुढच्या बऱ्याच चर्चेला तेच वळण लागले.

तोलले गेलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: घर द्यावे आणि बदल्यात विभागाच्या प्रयोगशाळेची दुरुस्ती पदरात पाडून घ्यावी. व्यवहार म्हणून तो वाईट नव्हता आणि विभागप्रमुख बाईंचा कल सुरुवातीला तिकडेच होता.

दुसरा पर्याय नाव बदलण्याचा होता आणि त्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. तरुण शिक्षिकांचे म्हणणे होते की ‘गृह’ या शब्दामुळेच मुली विषयापासून दूर राहतात. त्यांच्या बाजूने दाखले भक्कम होते. कॉर्नेलने १९६९ मध्ये होम इकॉनॉमिक्स हे नाव टाकून मानवी परिस्थितिकीचे (ह्यूमन इकॉलॉजी) नाव घेतले. १९०९ च्या त्या अमेरिकन संघटनेनेही १९९४ मध्ये नावात कुटुंब आणि ग्राहक विज्ञाने आणली. बडोद्याची विद्याशाखाही आता कुटुंब आणि समुदाय विज्ञानांची विद्याशाखा म्हणून ओळखली जाते. यावर एका ज्येष्ठ शिक्षिकेने विचारलेला प्रश्न मात्र सगळ्यांना थांबवणारा होता. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, म्हणजे ‘नेट’मध्ये, विषयाचे नाव अजून गृहविज्ञानच आहे. उद्या आपल्या मुलीच्या पदवीवर वेगळे नाव आले आणि मुलाखतीत कोणी समकक्षतेचे प्रमाणपत्र मागितले, तर ती धावपळ कोण करणार? मोठ्या विद्यापीठाला नाव बदलणे परवडते, कारण त्याचे नावच त्याची साक्ष असते. एका महाविद्यालयातल्या एका विभागाला ती सोय नसते. माझ्या मते हा त्या बैठकीतला सर्वांत नेमका मुद्दा होता.

तिसरा पर्याय पाळणाघराचा. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनुसार पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे तेव्हा अपेक्षित होते. घर आयतेच होते, बालविकास हा अभ्यासक्रमाचा भाग होता आणि लहान मुलांची माता असलेल्या शिक्षिका महाविद्यालयात होत्याच. बडोद्याच्या विद्याशाखेशी जोडलेली चेतन बालवाडी सर्वांना ठाऊक होती, म्हणून विद्यापीठाच्या विभागाने मुलांची शाळा चालवणे यात कोणाला नवल वाटले नाही. अडचण मनुष्यबळाची होती. पूर्णवेळ सांभाळणारी बाई आणि तिचा पगार यांवर चर्चा आली की सगळे गप्प होत.

चौथा पर्याय व्यावसायिक विषयाचा: स्वयंपाकघर खाद्यप्रक्रियेच्या प्रशिक्षणासाठी वापरावे, मुलींनी टिकाऊ पदार्थ बनवावेत, लेबल लावावे, विकावेत. नव्या धोरणाशी हा पर्याय सहज जुळत होता आणि कागदावर दाखवायला सर्वांत सोपा होता.

पाचवा पर्याय मी मांडला आणि तो नीट मांडला गेला नाही, हे कबूल करते. निवास घरकामाच्या मोजमापाची प्रयोगशाळा म्हणून ठेवावा असे माझे म्हणणे होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळ वापराचे सर्वेक्षण केले. घरातली विनामोबदला कामे ज्यांनी केली, त्यांत स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे निघाला. आपल्या निवासात हेच काम पिढ्यान्‌पिढ्या वेळवहीत नोंदवले जात होते. त्या वह्या काढून बघू या, असे मी म्हटले. पण वह्या कोठे आहेत, किती आहेत, त्यांत काय आहे, यांतले काहीही माझ्यापाशी नव्हते. नुसत्या कल्पनेच्या बळावर मांडलेला पर्याय, तयार आराखड्यासमोर टिकत नाही.

निर्णय आणि कार्यवाही

समितीने मधला मार्ग काढला. नाव तसेच ठेवायचे, स्वयंपाकघर आणि पडवी खाद्यप्रक्रियेच्या व्यावसायिक विषयासाठी ठेवायची, आतल्या दोन खोल्या संगणक कक्षाला द्यायच्या, पाळणाघराचा प्रस्ताव वेगळा पाठवायचा. मी या निर्णयाला हात वर केला. शेवटच्या ओळीत ‘जुने सामान निकाली काढावे’ असे लिहिले होते आणि ती ओळ आम्ही सर्वांनी वाचून सोडून दिली.

सुटीत खोल्या रिकाम्या केल्या गेल्या. पितळेची भांडी रीतसर नोंद करून भांडारात गेली, जुने स्टोव्ह आणि लाकडी कपाटे लिलावात गेली आणि कपाटांतल्या वह्या रद्दीत गेल्या. भांड्यांची यादी झाली, वह्यांची झाली नाही. दोन वह्या वाचल्या, त्याही एका शिक्षिकेने पाहुण्यांच्या जेवणाचे बेत उतरवून घेण्यासाठी पूर्वीच घरी नेल्या होत्या म्हणून.

त्या दोन वह्या नंतर मी सावकाश वाचल्या. एक वही नर्मदेचे पाणी इंदूरला येण्यापूर्वीची आहे आणि दुसरी नंतरची. नर्मदेचे पाणी शहरात आले १९७८ मध्ये. त्याआधी शहराची मदार यशवंत सागर आणि जुन्या तलावांवर होती आणि टंचाई ही नेहमीची गोष्ट होती. पहिल्या वहीत पाणी भरणे हे एका मुलीचे पूर्ण वेळचे काम आहे आणि तिच्या रकान्यात पहाटेच्या वेळा आहेत. दुसऱ्या वहीत हा रकाना नाही. सुटलेला वेळ मात्र विश्रांतीकडे गेलेला दिसत नाही, धुणे आणि फरशी पुसणे वाढलेले दिसते. पाणी आले तशी स्वच्छतेची अपेक्षाही वाढली, एवढेच यातून जपून म्हणता येईल.

दुसऱ्या वहीत आणखी एक गोष्ट आहे. हिशोबाच्या बाजूला ‘भांडीवाल्या बाईंचा पगार’ अशी नोंद दर महिन्याला आहे. वेळेच्या बाजूला त्या बाईंचे एक मिनिटही नाही. विद्यार्थिनींनी भाजी चिरायला लागलेली मिनिटे मोजली आणि भांडी घासायला लागलेली मोजली नाहीत, कारण ती त्यांनी घासली नव्हती. विषयाच्या पद्धतीतली ही उणीव एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षा त्या वहीने जास्त स्पष्ट दाखवली. दोन वह्यांत एवढे निघाले. रद्दीत गेलेल्यांत काय होते, ते आता कोणी सांगू शकणार नाही.

परिणाम

व्यावसायिक विषयाला मुली मिळाल्या, त्यांत कला आणि वाणिज्य शाखेच्याही आल्या. पदार्थ म्हणून थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि मसाले निवडले गेले. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ खाली छोट्या उत्पादकाने नोंदणी करायची असते. तेव्हाच्या नियमानुसार वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत असल्यास परवान्याऐवजी साधी नोंदणी चालत होती. ती कशी करायची, लेबलावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने का लिहायचे, हिरवा ठिपका कोठे लावायचा, हे मुली स्वतः करून शिकल्या. हा भाग चांगला झाला, यात शंका नाही.

पहिल्या वर्षी भाजणी हातोहात संपली आणि विभागात समाधान पसरले. किंमत कशी ठरवली हे मी विचारले तेव्हा कळले की धान्य, गॅस, दळण आणि पिशवी एवढेच धरले होते. मुलींचा वेळ किमतीत नव्हता. बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे यांतले प्रत्येक धान्य वेगवेगळे आणि मंद आचेवर भाजावे लागते, आणि कढईपाशी उभे राहण्याला पर्याय नसतो. ज्या विषयाने घरकामाचा वेळ मोजायचा धडा घालून दिला, त्याच विभागात घरच्या पदार्थाची किंमत काढताना तो वेळ फुकट धरला गेला, आणि कोणाच्या ते लक्षातही आले नाही. विभागप्रमुख बाईंनी हे ऐकून वाद घातला नाही. त्यांनी जुन्या दोन वह्यांतला वेळेचा तक्ता मागवला आणि दुसऱ्या वर्षी भाजणीची प्रत्येक पायरी घड्याळ लावून मोजून घेतली. मजुरी धरल्यावर किंमत वाढली, विक्री कमी झाली आणि आपली भाजणी बाजारातल्या यंत्रावर भाजलेल्या भाजणीशी किमतीत टक्कर देऊ शकत नाही, हे मुलींना आकड्यांत दिसले. माझ्या दृष्टीने त्या विषयाचे खरे शिक्षण दुसऱ्या वर्षी झाले.

पाळणाघराचा प्रस्ताव पुढे सरकला नाही. संगणक कक्ष चालू आहे.

पुन्हा करायचे झाल्यास

सर्वांत आधी मी जागेचा प्रश्न आणि विषयाचा प्रश्न वेगळे केले असते. व्यवस्थापनाचे पत्र जागेबद्दल होते म्हणून आम्ही भिंती वाटून घेतल्या. मुक्काम, वेळवही आणि सामूहिक हिशोब यांतले काय टिकवायचे हे आधी ठरले असते, तर त्याला दोन खोल्या लागतात की एक कपाट पुरते, हे नंतर सहज ठरले असते. बहुधा कपाट पुरले असते.

रात्रीचा मुक्काम परत आणावा, असे मला वाटत नाही. त्यामागे मुलीला आदर्श गृहिणी घडवण्याची कल्पना होती आणि ती हंसा मेहता समितीच्या भूमिकेशीही जुळणारी नव्हती. वेळवही मात्र मुक्कामाशिवायही चालली असती. मुलीने आपल्याच घरी आठवडाभर नोंद ठेवावी, स्वतःची, आईची, वडिलांची, भावाची. हे आम्हाला तेव्हा सुचायला हरकत नव्हती, कारण त्याला ना जागा लागते ना पैसा.

पाळणाघराबाबत आम्ही मनुष्यबळाच्या मुद्द्यावर अडलो, पण ज्या मातांसाठी ते होते त्यांना कोणत्या वेळेत आणि किती दिवस गरज आहे, हे एकीलाही विचारले नाही. कदाचित दुपारचे तीन तास पुरले असते आणि मग खर्चाचा आकडा वेगळा आला असता.

नाव न बदलण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन, मात्र त्यावर घालवलेला वेळ निम्मा करीन.

‘जुने सामान निकाली काढावे’ या ओळीपुढे ‘वह्या, छायाचित्रे आणि तक्ते वगळून’ असे चार-पाच शब्द लिहिले असते तर ही नोंद कदाचित बरीच मोठी झाली असती. त्या बैठकीत वह्यांचा उल्लेख करणारी मी एकटीच होते, म्हणून ते शब्द लिहून घेण्याची जबाबदारीही माझीच होती.

सध्या ऐच्छिक विषयात घरच्या घरी वेळवही भरण्याचे प्रात्यक्षिक सुरू झाले आहे. त्यात घरी काम करायला येणाऱ्या बाईंसाठी स्वतंत्र रकाना आहे. पहिल्या तुकडीच्या वह्यांत तो बहुतेक ठिकाणी कोरा आला, कारण मुली कॉलेजात असताना बाई येऊन जात होत्या आणि कोणी त्यांना विचारले नव्हते. दुसऱ्या तुकडीला तो रकाना रविवारी, बाईंशी बोलून भरायला सांगितले आहे.